दाजींनी शब्द पाळला

परवा माझं इथलं, परदेशातलं पहिलं वर्ष भरलं. सकाळी हजेरीच्या वेळी फोरमनने पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "काय वायरमन, कसं गेलं वर्ष?" मी म्हणालो, "मजेत." या प्रश्नाला दुसरं उत्तर कोणी देत नाही, आणि दिलंच तर फोरमन ऐकायला थांबत नाही. पण तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याला खरं उत्तर देतोय आणि दरवेळी गाडी दाजींपाशी येऊन अडते. या वर्षात मी सगळ्यात जास्त ज्यांच्याशी बोललो ते दाजी, आणि आज ज्यांच्याशी एक अक्षरही बोलत नाही तेही दाजीच. दोन्ही माझ्याच मर्जीनं झालं.

दाजी माझे कोणी लागत नाहीत. ते फरशी मिस्तरी. आमच्या कामगारांच्या कॅम्पाच्या मेसमध्ये त्यांचा मेहुणा आचारी होता. त्यानं त्यांना इथे आणलं, आणि तो दाजी म्हणायचा म्हणून सगळा कॅम्प दाजी म्हणायला लागला. फोरमनला तर ते त्यांचं आडनाव वाटतं. बुटका, काटक माणूस. जन्मभर उकिडवं बसून काम केल्यामुळे खाटेवरसुद्धा उकिडवेच बसतात. गुडघ्यांना घट्टे पडलेत, नखांतलं सिमेंट कधी जात नाही. आमच्या खोलीत लोखंडी दुमजली खाटा आहेत आणि एक खिडकी आहे, जी जनरेटरच्या बाजूला असल्यामुळे कोणी उघडत नाही. त्या खिडकीखालची खाट दाजींची.

आमची ओळख भांडणातून झाली. एका नव्या हॉटेलचं काम चालू होतं, सगळ्या मजल्यांवर एकसारख्या खोल्या आणि एकसारखी बाथरूम. मी भिंतीत स्विचचा डबा बसवून गेलो आणि दाजींनी त्याच्यावर खुशाल टाइल लावून टाकली. परत येऊन बघतो तर भिंत अशी साफ की डब्याचा मागमूस नाही.

"दाजी, डोळे खोलीवर ठेवून आलात का? माझा डबा कुठाय?"

"डबा होता तर टाइल लावायच्या आधी ओरडायचं. आता बोंबलून काय उपयोग?"

बोटानं वाजवत वाजवत त्यांनी जागा हुडकली, मोठ्या रुबाबात कटर लावला, आणि आत निघाली नुसती वीट. दुसरी टाइल कापली, तिथेही वीट. तिसरीला डबा सापडला. तोपर्यंत मी त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करून घेतली होती. माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे, त्यापायी घरातही बोलणी खाल्ली आहेत. पण दाजी रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलत गेला. धूळ झटकत ते म्हणाले, "तू बरा आहेस. आजपासून जेवायला माझ्याजवळ बसत जा." मला वाटलं, माणूस जरा सटकलेला दिसतोय.

त्याच संध्याकाळी ड्रायव्हरनं मला सगळं सांगितलं. ड्रायव्हर म्हणजे आमच्या घरामागच्या गल्लीतला, कंपनीची गाडी चालवतो. माझं इथलं काम त्याच्याच ओळखीनं झालं. दाजींचं पहिलं वर्ष त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. पुढे दाजींनी स्वतःही मला तेच सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, टाइलच्या फटी भरता भरता.

त्या पहिल्या वर्षी दाजींसारखा सुखी माणूस कॅम्पात दुसरा नव्हता. दुसऱ्याच महिन्यात खालची खाट मिळाली. भांडी घासायची पाळी आली की कोणीतरी म्हणायचं, राहू द्या दाजी, मी घासतो. मेसमध्ये त्यांच्या ताटात चार घास जास्तच पडायचे. फोरमन त्यांना उन्हातलं काम देत नसे. दाजी हरखून गेले होते. बायकोला फोनवर सांगायचे, "अगं, काय माणसं आहेत. परका मुलूख वाटतच नाही. सगळे जीव लावतात." ती म्हणायची, "तुमचा स्वभावच तसा आहे." दाजींनाही ते पटायचं.

खरी गोष्ट अशी होती की दाजी इकडे आले आणि महिन्याभरातच बायकोच्या पोटात गाठ निघाली. तिनं भावाला, म्हणजे आमच्या आचाऱ्याला, फोन करून बजावलं की यांना काही कळता कामा नये. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेत, अर्धवट सोडून आले तर परत कोणी घेणार नाही. वर्ष पुरं करू देत, मग सांगू. मी काही लगेच मरत नाही. आचाऱ्याला एकट्याला ते पोटात ठेवणं जमेना. शिवाय कोणाच्या तोंडून चुकून काही जाऊ नये, म्हणून त्यानं खोलीतल्या सगळ्यांना सांगून टाकलं. म्हणजे दाजी सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा स्वभाव चांगला होता की वाईट, हे बघायला कोणाला सवडच नव्हती. प्रत्येकाला त्यांचं तोंड बघितलं की कसंतरी व्हायचं, म्हणून जो तो त्यांची भांडी घासत होता.

शेवटी शेवटी फोनवर मुलगीच बोलायची. आई झोपलीय, आई शेजारी गेलीय, आईचा घसा बसलाय. बाई गेली त्या दिवशी सुट्टी होती. आचारी मेसमध्ये तोंड लपवून बसला, आणि बाकीच्यांनी वर्गणी काढून दाजींसाठी कॅरम आणला. दुपारपासून दिवे लागेपर्यंत त्यांच्याशी खेळले. त्यांना जिंकू दिलं. दाजी मला म्हणाले, "वायरमन, मी त्या दिवशी राणी घेतली आणि लगेच कव्हरही दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तिकडे तिला उचलून नेत होते." हे सांगताना त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

वर्ष भरल्यावर ते रजेवर गेले. दारात बसून बूट काढताना त्यांनी मुलीला विचारलं, "आई कुठाय?" एक बूट निघाला होता, दुसरा निघायचा होता. घरातले सगळे एकदम रडायला लागले. त्या सगळ्यांचं रडून होईपर्यंत दाजी एका पायात बूट घालून उंबऱ्यावर बसून होते. मग त्यांनी एवढंच विचारलं की कुठल्या दिवशी. दिवस सांगितल्यावर त्यांना टाळ्या आठवल्या. तिला जाऊन चार महिने झाले होते, रडायची वेळ सगळ्यांची येऊन गेली होती, आणि यांची आत्ता आली होती. मुलगी आपल्या सासरी गेली, रिकाम्या घरात राहवेना, म्हणून ते परत इथेच आले. मेहुण्याला ते काही बोलले नाहीत. तोच नजर मिळवू शकेना, आणि दुसऱ्या कंपनीत निघून गेला. त्याची खाट रिकामी झाली, तिच्यावर मी आलो.

तेव्हापासून दाजींना कोणी चांगलं वागलेलं खपत नाही. चहा पुढे केला की आधी कप घेत नाहीत, देणाऱ्याचं तोंड बघतात. एकदा प्लंबरनं त्यांना सहज केळं दिलं, तर केळं तसंच हातात धरून बाहेर गेले आणि मुलीला फोन लावून विचारलं, "घरी सगळे ठीक आहेत ना? जावई समोर आहेत का? दे त्यांच्याकडे." खोलीत यावर थट्टा चालायची. दाजींना सुपारीचं खांडसुद्धा फुकट देऊ नका, तिकडे लेकीच्या घरचे झोपेतून उठतील. मीही हसायचो. पण मला कळलं होतं की माझ्यासारख्या तोंडाळ माणसाशी त्यांचं का जमलं. मी शिव्या घालतोय म्हणजे सगळं ठीक चाललंय.

ड्रायव्हरचं म्हणणं, "सांगून काय झालं असतं? ती वाचली असती का? निदान या माणसाचं वर्ष तरी सुखात गेलं." मला या बोलण्याचा भयंकर संताप यायचा. तुम्ही कोण ठरवणारे? माणसाचं दुःख त्याच्या हातात द्यायचं सोडून आपसात वाटून खाल्लंत, आणि वर त्याला कॅरम खेळवलात. मी भर खोलीत सांगून ठेवलं की माझ्या घरचं काही आलं तर मला त्याच दिवशी कळलं पाहिजे, कोणी लपवलं तर गाठ माझ्याशी आहे. हे मी उगाच बोलत नव्हतो. बाबांना छातीचा त्रास होता. घरी आई आणि बाबा दोघंच, मी एकुलता एक, आणि माझ्या घरून कोणी फोन केलाच तर तो ड्रायव्हरला करणार हे मला माहीत होतं. या वर्षात मला भीती होती ती एवढ्या एकाच गोष्टीची. दाजी खाटेवरून म्हणाले, "वायरमन, मी शब्द देतो. मला कळलं की तुला कळेल."

बाबा वीजमंडळात लाइनमन होते. उभं आयुष्य खांबावर गेलं. फोनवर माझी खुशाली कधी विचारायचे नाहीत. आईच्या हातून फोन घ्यायचे आणि ओरडून विचारायचे, "अर्थिंग तपासतोस का रे? कोणाच्या सांगण्यावर जाऊ नको, स्वतः तपास." मी म्हणायचो, "तपासतो." ते म्हणायचे, "हां." की फोन परत आईकडे. मी इथे आल्यापासून आमचं बोलणं झालं ते एवढंच, पण मला त्याचा आधार वाटायचा.

त्या दिवशी मी हॉटेलच्या वरच्या मजल्यावर घोड्यावर, म्हणजे दुपायी शिडीवर, उभा राहून छतातल्या वायरी जोडत होतो. दाजी जिना चढून आले. लिफ्ट मालासाठी असते, माणसांनी चालतच यायचं. त्यांना धाप लागली होती.

"खाली उतर."

"का? आता काय गाडलंत?"

"उतर आधी."

मी उतरलो. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला नाही, बस म्हणाले नाहीत, पाणी दिलं नाही. सरळ माझ्याकडे बघून बोलले.

"तुझे बाबा गेले. परवा सकाळी. झोपेतच गेले. सगळं उरकलंय. तुझ्या काकांचा ड्रायव्हरला फोन आला होता. तुला रजा मिळायची नाही म्हणून तू घरी येशील तेव्हा सांगायचं ठरलंय. मला आत्ता कळलं, तसा आलो."

मी म्हणालो, "बरं." आणि परत घोड्यावर चढलो, कारण वायरी उघड्या होत्या. दाजींनी घोडा धरून ठेवला. मी वायरी जोडल्या, टेप गुंडाळली, आणि त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते सांगायला मला लाज वाटत नाही. मला वाटलं, हा माणूस वाटेत जिन्यावरून पडला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत मला बाबा असते. कदाचित वर्षभर असते.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मला सांगायला?" मी वरून विचारलं.

"तूच," दाजी म्हणाले.

संध्याकाळी खोलीत ड्रायव्हरनं त्यांना नाही नाही ते ऐकवलं. माणूस आहात का, काळीज आहे का, स्वतःचं घर बुडालं म्हणून दुसऱ्याचं बुडवायचं का. दाजी माझ्याकडे बघत होते, मी त्यांची बाजू घेईन म्हणून. आजवर मीच घेत आलो होतो. मी घेतली नाही.

त्यांची बाजू घेण्याऐवजी मी बाहेर जाऊन घरी फोन लावला. आईला सांगायचं ठरवलं होतं की मला कळलंय, तू लपवू नकोस, रड. एवढंच बोलायचं होतं. पण मी तोंड उघडायच्या आधी आई बोलायला लागली.

"चार दिवसांनी फोन केलास, तोही किती उशिरा रे. बाबा वाट बघून बघून आत्ताच जेवून झोपले. म्हणाले, त्याचा फोन आला तर उठव. मी म्हटलं, झोपा आता, उद्या बोला. जेवण काही धड जात नाही त्यांना, पण आज दोनदा भात मागून घेतला."

तिचा आवाज मी ओळखतो. ती खोटं बोलली की अडखळते, लहानपणापासून मी तिला पकडत आलोय. त्या दिवशी ती अडखळली नाही. दोन दिवस ज्या घरात बाबा नव्हते, त्या घरात या एका फोनपुरते ते होते. जेवत होते, भात मागत होते, माझ्यावर रागावत होते. मी "मला कळलंय" म्हणालो असतो तर तेवढेही राहिले नसते. मी म्हणालो, "झोपू दे त्यांना. गोळ्या वेळेवर देतेस ना?"

"देते ना," आई म्हणाली.

मला कळलंय हे काकांना सांगायचं नाही, असं मी ड्रायव्हरला बजावलं, आणि तेव्हापासून हेच चाललंय. रोज कामावरून आलो, हातपाय धुतले, की मी फोन लावतो आणि आई मला बाबांचं सांगते. बाबांना खोकला झाला आणि बरा झाला. बाबांनी दाराची कडी दुरुस्त केली. एकदा म्हणाली, बाबा विचारत होते, तिथल्या वायरी जाड असतात की बारीक. बाबांनी असला प्रश्न साता जन्मांत विचारला नसता. तिला दुसरं काय सुचणार? चाळीस वर्षं लाइनमनच्या संसारात राहूनही तिनं कधी फ्यूज बघितला नव्हता. मी म्हणालो, "जाड असतात, सांग त्यांना." ती म्हणाली, "सांगते."

मला खालची खाट मिळाली आहे. माझी भांडी कोणीतरी घासून ठेवतं. मला माहीत आहे कशासाठी, आणि तरी मी घासू देतो. फक्त दाजी माझ्याशी पहिल्यासारखं भांडायला बघतात. माझ्या वायरींच्या पाइपांवर मुद्दाम सिमेंटचा माल टाकतात आणि मी काहीतरी बोलेन म्हणून थांबून राहतात. मी माल खरवडतो आणि निघून जातो. ते चुकले असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी मला दिलेला शब्दच पाळला. पण त्यांना चार महिने सुखाचे मिळाले, खोटे का होईना. त्यांनी राणी घेतली, टाळ्या ऐकल्या. माझ्या वाट्याला ते खोटंसुद्धा आलं नाही. आईचं खोटं मी ऐकतो ते डोळे उघडे ठेवून. मला त्या माणसाचा राग येतो आणि हेवाही वाटतो, आणि यातलं काय मोठं हे मला ठरवता येत नाही. मध्ये एकदा ते एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी धरून चाललो होतो. आता तुझ्याकडे बघून तेही राहिलं नाही." त्यांच्याजवळ तेवढी एक समजूत उरली होती, तीही माझ्यामुळे गेली.

परवा वर्ष भरलं, आणि फोरमननं त्या "मजेत"नंतर सांगितलं की रजा मंजूर आहे, पुढच्या महिन्यात जा. ड्रायव्हरनं लगेच मी येतोय हे माझ्या काकांना कळवायची तयारी केली. मी दिवसभर विचार केला. मी दारात जाणार, बूट काढणार, आणि आईला मला सांगावं लागणार. मला माहीत नसल्याचं मी नाटक करणार, किंवा माहीत असल्याचं कबूल करणार. दोन्हीत बाबा त्या दिवशी मरणार, तिच्यासाठी दुसऱ्यांदा. आणि मी निघून आल्यावर तिच्याकडे फोनवर बोलायला काय उरणार? मला भीती वाटली. सरळ सांगायचं तर मला घरी जायचं नाही.

संध्याकाळी खोलीतूनच फोन लावला. दाजी समोर उकिडवे बसले होते. माझा आवाज ऐकून ते उठले आणि बाहेर गेले.

"आई, या वर्षी रजेचं जमत नाही. काम अडलंय. पुढच्या वर्षी बघू."

मला वाटलं, ती आता रडेल. रडली असती तर मी सगळं बोलून टाकलं असतं आणि मिळेल त्या विमानानं निघालो असतो. पण आईनं श्वास सोडला, डोक्यावरचं ओझं खाली ठेवल्यावर सोडतात तसा. मला तो स्पष्ट ऐकू आला.

"नसेल जमत तर राहू दे रे," ती म्हणाली. "जिवाला लावून घेऊ नकोस. आम्ही दोघं आहोत ना एकमेकांना."